रोजची दारू आणि पुरुषाची लैंगिक कमजोरी: सोडल्यावर सुधारतं का?

माणदेशी_गडी
नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे आणि गावात कुणाला विचारायची सोय नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझे दाजी ४२ वर्षांचे. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली पोरं जशी गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात बाहेर जातात, तसे तेही मिसरूड फुटायच्या वयात तमिळनाडूत गेले. दुकान बंद झालं की रूमवर बसायचं, ही सवय तिथं लागली. आता विट्याजवळ घरी परत आलेत, पण संध्याकाळची क्वार्टर ठरलेली. कुणी पाहुणा आला, काही कार्यक्रम असला, की त्याहून जास्त.

ताईनं माझ्या बायकोजवळ मन मोकळं केलं. नवरा-बायकोचे संबंध बऱ्याच दिवसांपासून जवळजवळ बंद आहेत. दाजी प्रयत्न करतात, जमत नाही, मग चिडतात, संशय घेतात आणि तिच्यावरच घसरतात. मध्यंतरी मेडिकलमधून कसल्यातरी गोळ्या आणून खाल्ल्या.

हे दारूनंच होतं का? की वयानं, शुगरनं? दारू सोडली तर पुन्हा पूर्वीसारखं होतं का? आणि बायकोचा भाऊ म्हणून मी हा विषय त्यांच्याकडे काढू तरी कसा? थट्टा करू नका, एवढीच विनंती.

कृष्णाकाठ
शुगर, बीपी तपासलंय का? तंबाखू, गुटखा आहे? आधी हे सांगा, मग बाकीचं.

माणदेशी_गडी
तपासलेलं नाही. तंबाखू आहे, दिवसभर मळणं चालूच असतं.

शेरीनाला
भावा, दारूला उगाच बदनाम करू नका. आमचे चुलते साताऱ्याकडचे, फौजेतून रिटायर झालेले. कॅन्टीनची रम रोज दोन पेग, वय सत्तरच्या पुढं. पाच पोरं आणि अजून गडी ताठ चालतो. हे सगळं टेन्शनमुळं होतं. आणि बीरनं तर कायच होत नाही.

मिरजेची_डॉक्टर
मी या भागातच प्रॅक्टिस करते. असे पुरुष माझ्याकडे येतात, पण "ॲसिडिटी आहे" म्हणून येतात. उठून जाताना दाराशी थांबून खरं काय ते सांगतात. त्यामुळे माणदेशी_गडी, तुम्ही सरळ विचारलंत हे फार बरं केलंत. थोडं सविस्तर लिहिते.

आधी प्रमाण बघू. क्वार्टर म्हणजे १८० मिली. ४२.८ टक्क्यांची व्हिस्की किंवा रम असेल तर त्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. १० ग्रॅमचं एक प्रमाण धरलं तर रोजची सहा प्रमाणं झाली. आणि शेरीनाला, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे चाळीस ग्रॅम. अशा दोन बाटल्या क्वार्टरच्या पुढे जातात. शरीर अल्कोहोल मोजतं, बाटलीवरचं लेबल वाचत नाही.

एखाद्या रात्री जास्त झाली आणि जमलं नाही, तर तो मेंदू सुस्तावल्याचा परिणाम असतो, उतरल्यावर जातो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं तसं नाही. त्याच्या शरीरात एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बिघडत जातात.

टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन वृषणातल्या ज्या पेशी बनवतात, त्यांना अल्कोहोलचा थेट त्रास होतो. वृषणाला "काम कर" असा निरोप मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो, तोही मंदावतो. पुढे लिव्हर खराब झालं की शरीरात इस्ट्रोजेनचं पारडं जड होतं. लिव्हर सिरोसिसच्या पुरुषांमध्ये हे डोळ्यांना दिसतं: छाती बाईसारखी वाढते, अंगावरचे केस विरळ होतात, तळहात लालसर होतात, वृषण लहान होतात. ही सगळी लक्षणं दिसेपर्यंत थांबू नये.

दुसरा बिघाड नसांचा. रोज पिणारा नीट जेवत नाही, आणि जे पोटात जातं त्यातलं बी१ जीवनसत्त्वही शरीर नीट शोषून घेत नाही. शिवाय दारू स्वतःही नसांना मारक. तळपायाची आग होणं, मुंग्या येणं ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. लिंगाला ताठरता आणणाऱ्या नसाही त्याच शरीरातल्या.

तिसरी बाजू रक्तवाहिन्यांची. ताठरता म्हणजे शेवटी रक्त भरणं. दारूनं बीपी वाढतं, तंबाखूनं वाहिन्या आकसतात. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे तिथली अडचण आधी जाणवते. चाळिशीतल्या पुरुषाला ही तक्रार सुरू झाली की काही वर्षांनी हार्टचा त्रास निघालेला आम्ही पाहतो. म्हणून दाजींची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि लिव्हरच्या तपासण्या करून घ्याच. वय ४२ आहे, नुसत्या वयावर ढकलण्यासारखं नाही.

एक प्रश्न त्यांना डॉक्टर विचारतीलच: पहाटे झोपेत ताठरता येते का? येत असेल तर यंत्रणा बरीचशी शाबूत आहे आणि ताण, भीती, नैराश्य यांचा वाटा मोठा असू शकतो. अजिबात येत नसेल तर शारीरिक कारण जास्त शोधावं लागतं.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत दारूच्या आहारी गेलेल्या १०० पुरुषांचा अभ्यास झाला होता, २००७ साली छापून आला. त्यातल्या ७२ जणांना काही ना काही लैंगिक तक्रार होती. शीघ्रपतन, इच्छा कमी होणं आणि ताठरता न येणं या त्यातल्या मुख्य. पिण्याचं प्रमाण जितकं जास्त, तितकी तक्रारीची शक्यता जास्त, असंही त्यात दिसलं. म्हणजे दाजी एकटे नाहीत. हे त्यांना सांगा, त्यानंच निम्मी लाज कमी होईल.

शेरीनाला
डॉक्टरबाई, माहिती चांगली दिली, नाही म्हणत नाही. पण आमच्या चुलत्यांचं काय मग?

मिरजेची_डॉक्टर
तुमचे चुलते दोन पेगवर थांबत असतील तर ते क्वार्टरपेक्षा कमीच. फौजेतल्या माणसाचं खाणं आणि व्यायामही बरा असतो. पोरं झाली ती तरुणपणी, त्यावरून आजचं काही कळत नाही. आणि जे सत्तरीला पोचले ते आपल्याला दिसतात. जे पन्नाशीत गेले त्यांची उदाहरणं द्यायला कुणी इथे येत नाही.

शेरीनाला
हे मात्र खरं. त्यांच्या बरोबरीचे दोघं पन्नाशीतच गेले, लिव्हरनंच.

खंबाटकी
मी वाई तालुक्यातला. पंधराएक वर्षं प्यायलो, आता बंद आहे. म्हणून अनुभवातलं सांगतो.

दारू सुरू असताना मला वाटायचं की घेतल्यावर अंगात जोर येतो. खरं तर लाज कमी व्हायची, जोर नव्हताच. नंतर नंतर बायकोजवळ जायचीच भीती वाटायला लागली. आज पण जमलं नाही तर? त्या भीतीनं आणखी एक पेग. पेगनं आणखी वाट लागायची. या चक्रात माणूस कुणाला काही सांगत नाही, मित्रांत तर उलट फुशारक्या मारतो. ढाब्यावर बसलेल्या दहा जणांत मर्दानगीच्या गप्पा मारणाऱ्यांपैकी किती जण घरी जाऊन कुशीवर वळून झोपतात, हे मला आता चांगलं ठाऊक आहे.

सोडल्यावर काय झालं? पहिले काही आठवडे काहीच नाही. उलट चिडचिड, झोप नाही, इच्छा शून्य. तेव्हा वाटलं की सोडूनही उपयोग नाही, परत सुरू करावी. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं वाटेल, म्हणून टिकलो. काही महिन्यांनी पहाटेची जाग बदलली, कळणाऱ्याला कळेल. त्यानंतरही बायकोचा विश्वास यायला त्याहून जास्त वेळ गेला. तिनं तो वेळ घेणं बरोबरच होतं.

दाजींना पहिल्याच दिवशी "सगळं पूर्ववत होईल" असं सांगू नका. "वेळ लागेल, पण बऱ्याच जणांचं सुधारतं" एवढं सांगा.

बेदाणा_तासगाव
मी लॅबमध्ये काम करतो. विषयाला धरून थोडं वेगळं सांगतो, मूल न होण्याबद्दल. लग्नाला तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की आपल्याकडे आधी सून तपासतात. तिची सोनोग्राफी, तिची इंजेक्शनं, तिचे उपासतापास. नवऱ्याची वीर्य तपासणी शेवटी, तीही सासूबाई नको म्हणतात. खरं तर सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी तीच आहे.

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको, हा नियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरतात. आकड्यासोबत हालचाल आणि आकारही बघतात. जास्त पिणाऱ्यांत या तिन्हींवर परिणाम होऊ शकतो.

लोक आज दारू सोडतात आणि पंधरा दिवसांनी रिपोर्ट करायला येतात. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७२ ते ७४ दिवस लागतात, वर बाहेर पडायला थोडे. आमच्या तासगावात छाटणी केली की दुसऱ्या आठवड्यात कुणी घड मोजायला जात नाही, तसंच हे. तीन महिने थांबून परत तपासा.

आणि जिममधल्या पोरांना एक सांगा: "पॉवर" वाढवायला म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ नका. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूचा निरोप बंद होतो आणि शुक्रजंतू तयार होणंच थांबू शकतं.

हळदीचं_पेव
सगळे दाजींबद्दल बोलताय. मी ताईंच्या बाजूनं बोलते, कारण मी त्या जागेवर राहिले आहे.

रात्री दारूचा भपकारा घेऊन माणूस जवळ येतो तेव्हा बाईचं अंग आक्रसतं. नाही म्हटलं तर "दुसरा कोण आहे तुझा?" हो म्हटलं आणि त्याला जमलं नाही तर "तुझ्यातच काही राहिलं नाही." दोन्हीकडून दोष तिचाच. सकाळी त्याला यातलं निम्मं आठवत नसतं, तिला शब्दन् शब्द आठवतो. आणि हे सगळं आईजवळही बोलता येत नाही. बोललं तर "सांभाळून घे बाई" म्हणतात.

तुमच्या ताईनं तुमच्या बायकोला सांगितलं, म्हणजे तिच्या सहनशक्तीचं टोक आलंय. तिला आधी एवढंच सांगा की यात तिचा दोष नाही. तिच्या दिसण्याचा, वयाचा, वागण्याचा याच्याशी संबंध नाही. माझ्यासाठी हे एक वाक्य कुणी बोललं असतं तर फार झालं असतं.

कृष्णाकाठ
ताई, हे वाचून गलबललो. लिहिल्याबद्दल धन्यवाद.

आरफळ_कालवा
मंडळी, मूळ रोग दुसरीकडेच आहे. गावात प्यायचं पाणी दिवसाआड आणि दारू बारा महिने. आमच्या शेजारच्या गावात बायांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकान बंद पडलं. तर गडी दोन किलोमीटर पुढच्या ढाब्यावर.

शेरीनाला
पण तेवढे दोन किलोमीटर चालणं तरी झालं की! डॉक्टरबाई म्हणतातच, व्यायाम पाहिजे.

आरफळ_कालवा
चालतोय कुठला, मोटारसायकलवर जातोय. म्हणून तर जास्त भीती. मी थट्टेवारी नेत नाही, आमच्या वाडीतला एक पोरगा असाच गेला.

शेरीनाला
वाईट झालं. शब्द मागे घेतो.

औषधांची_गल्ली
मूळ प्रश्नाकडे येतो. दाजींनी कसल्या गोळ्या खाल्ल्या ते आधी शोधा. मी मेडिकल चालवतो. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल असेल तर ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, तरी काही ठिकाणी मिळते हे नाकारून उपयोग नाही. छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं या गोळ्या घेतल्या तर बीपी धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येतं, जीव जाऊ शकतो. छातीत दुखून दवाखान्यात नेलं तर "ही गोळी घेतली होती" हे लाज न धरता डॉक्टरला सांगायलाच हवं. वर भरपूर दारू असली तर चक्कर येऊन पडणं वेगळंच.

एसटी स्टँडमागच्या भिंतींवर, रेल्वेच्या डब्यात ज्या "गुप्तरोग, हमखास इलाज, तंबूत भेटा" जाहिराती असतात, त्या मुळात बेकायदा आहेत. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. "जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत हेच सिल्डेनाफिल मिसळलेलं वेळोवेळी सापडलं आहे. किती मिसळलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. घेणाऱ्याला वाटतं, वनस्पती आहे, अपाय नाही.

जुनं_सातारा
आमच्याकडे एक जण दारू सोडवायची पूड देतो. आमटीत मिसळायची, माणसाला पत्ता लागत नाही. ताईंना सांगून बघा, बऱ्याच जणांना गुण आलाय.

मिरजेची_डॉक्टर
कृपा करून हे करू नका. अशा पुडीत बऱ्याचदा डायसल्फिरम असतं. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, बीपी कोसळतं. हार्ट किंवा लिव्हर आधीच अधू असेल तर माणूस दगावू शकतो. शेवटच्या डोसनंतरही दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. हे औषध चांगलं आहे, पण ज्याला द्यायचं त्याला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करूनच. आणि नवऱ्याला कळलं की बायकोनं जेवणात काही घातलं, तर आधीच संशयी असलेल्या माणसाच्या हातून काय होईल याचाही विचार करा.

जुनं_सातारा
एवढं माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंत.

माणदेशी_गडी
सगळ्यांचे आभार. सगळं दोनदा वाचलं, बायकोलाही वाचायला दिलं. हळदीचं_पेव, तुमचं वाक्य तिनं ताईला जसंच्या तसं सांगितलं.

संशयाबद्दल मी नीट लिहिलं नव्हतं. दाजी तिचा मोबाईल रोज तपासतात, दूधवाला आला तरी दारात येऊन उभे राहतात. एकदा हात उचलला. मी काल त्यांच्याकडे जाऊन फक्त लिव्हर आणि तळपायांबद्दल बोललो. पायाची आग होते हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि "चल, तपासून येऊ" म्हणाले. आवेशात येऊन म्हणाले, उद्यापासून थेंब नाही. एकदम सोडलेली चालते ना?

मिरजेची_डॉक्टर
नाही, इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे. काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनंतर माणूस बरळतो, नसलेली माणसं, किडे दिसतात, त्यात जीवही जाऊ शकतो. हे टाळायला औषधं आहेत, थोडे दिवस दाखल व्हावं लागेल. तोपर्यंत "आजपासून बंद" अशी शपथ घ्यायला लावू नका.

आणि गावातल्या दवाखान्यात "अशक्तपणा आलाय" म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेऊ नका. रोज पिणाऱ्याला आधी बी१चं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरला रोजचं प्रमाण खरं सांगा, कमी करून सांगू नका.

संशयाचं म्हणाल तर दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषांत हा एक ओळखीचा आजार आहे, आणि लैंगिक कमजोरीनं तो वाढतो. "स्वभाव आहे" म्हणून सोडून देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञाला हे स्वतंत्रपणे सांगा, कारण यातून मारहाण पुढे जाते.

खंबाटकी
साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं चौकशी करा. तुम्हाला सांगली-मिरजेचं सिव्हिल जवळ पडेल, तिथं मानसोपचार विभागात दाखवता येईल. फोनवर आधी बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन, १४४१६, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. बाहेर पडल्यावर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या) बैठकांना जायला लावा. माझं टिकलं ते तिथल्या माणसांमुळे.

मिरजेची_डॉक्टर
दाखल करताना लैंगिक तक्रारही केस पेपरवर येऊ द्या. पुष्कळ घरची माणसं ती लपवतात. मग दारू सुटते, पण तक्रार तशीच राहते आणि त्याच निराशेत माणूस परत बाटली उघडतो. दारू सुटल्यावर काही महिन्यांत सुधारणा झाली नाही तर हार्मोनच्या तपासण्या आणि योग्य देखरेखीखाली गोळ्या, हा मार्ग उघडा आहे. सिरोसिस झालेला असेल तर पूर्ण भरून येईलच असं नाही, ते तपासणीनंतर कळेल.

हळदीचं_पेव
हात उचलला हे वाचून राहवत नाही. दाजी दाखल होईपर्यंत ताईंना काही दिवस माहेरी आणता येतंय का बघा. नाही आणता आलं तर पोलिसांसाठी ११२ आणि महिला हेल्पलाईन १८१, हे तिला माहीत असू द्या. तो आजारी आहे हे खरं, पण म्हणून तिनं मार खायचा नाही.

माणदेशी_गडी
आईला सांगितलंय, "आजी आजारी आहे" म्हणून ताईला परवा घेऊन येतो. दाजींना घेऊन मिरजेला सोमवारी. नंबर तिच्या मोबाईलमध्ये घातले तर ते बघतील.

हळदीचं_पेव
मग घालू नका. तीन-तीन आकडे आहेत, पाठ होतील. तुमच्या बायकोनं तिच्याकडून दोनदा म्हणवून घ्यावेत.